रांगेतल्या शेवटच्या सायकलचा वेग

रविवारी पहाटे आमच्याबरोबर सायकल चालवायला येऊ इच्छिणारा ठाण्यातला प्रत्येक नवा माणूस सर्वांत आधी एकच प्रश्न विचारतो, तुमचा ग्रुप किती स्पीडने जातो? पहिली दोन वर्षे मी या प्रश्नाला ‘पंचवीस’ असे एका शब्दात उत्तर देत असे. ते उत्तर खोटे नव्हते, परंतु त्यातून विचारणाऱ्याला उपयोगाचे काहीही कळत नव्हते, कारण पंचवीस हा सपाट रस्त्यावर मीटरमध्ये दिसणारा आकडा, की चहाचे थांबे वगळून काढलेली सरासरी, की पुढच्या माणसाच्या अंगात बळ आहे तोवर टिकणारा वेग, हे मी स्वतःलाही कधी विचारले नव्हते.

सरासरीच्या आकड्याने तर मी बराच काळ फसत होते. तीन हात नाक्यावरून निघून २० किलोमीटर ताशी ३० च्या वेगाने गेलो आणि दमून तेच अंतर ताशी २० ने परत आलो, तर जाताना ४० मिनिटे, येताना ६० मिनिटे लागतात आणि सरासरी २५ नव्हे, २४ भरते. हेच ४० किलोमीटर पहिल्यापासून शेवटपर्यंत २४ ने केले, तरी बरोबर तेवढीच १०० मिनिटे लागतात. फरक एवढाच, की पहिल्या प्रकारात निम्मा गट वाटेत कोठेतरी सुटलेला असतो आणि दुसऱ्या प्रकारात सगळे जण एकत्र चहाला बसतात. आता मला कोणी वेग विचारला, तर मी सांगते की तिसाव्या किलोमीटरलाही आमच्यातल्या शेवटच्या माणसाला पूर्ण वाक्य बोलता यावे, एवढ्या वेगाने आम्ही जातो. विचारणाऱ्याला हे उत्तर सुरुवातीला विचित्र वाटते, पण एकदा आमच्याबरोबर आल्यावर त्याला पुन्हा विचारावे लागत नाही.

गटाने सायकल चालवण्याचा सगळा खटाटोप वाऱ्यामुळे आहे. सपाट रस्त्यावर ताशी २५ च्या पुढे गेल्यावर आपण पायडलवर जी ताकद लावतो, तिचा बहुतेक भाग समोरची हवा बाजूला सारण्यातच खर्च होतो. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. म्हणून २५ वरून २८ वर जाणे मीटरवर केवळ तीन किलोमीटरचे असले, तरी वाऱ्याविरुद्ध खर्च होणारी शक्ती जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढते. पुढच्या सायकलच्या मागे नीट जवळ राहिलेल्या माणसाला त्याच वेगासाठी साधारणपणे पाव ते एक तृतीयांश कमी ताकद पुरते. ज्याला रांगेत २६ ने आरामात जाता येते, त्याला रांगेपासून दहा-पंधरा मीटर मागे पडल्यावर तोच वेग राखता येत नाही, आणि हा साधा हिशेब न समजल्यामुळे पुढचे लोक ‘अरे, एवढेसे अंतर त्याला भरून काढता येत नाही?’ असे म्हणत राहतात. त्याला ते भरून काढता येत नाही, कारण त्या क्षणी तो एकटा वारा कापत असतो आणि पुढचे आठ जण वारा वाटून घेत असतात.

मला हे पुस्तकी स्वरूपात ठाऊक होते, तरीही एका रविवारी मी नेमके उलटे वागले. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, हवेत गारवा आला होता आणि आम्ही नऊ जण नाशिक महामार्गाने पडघ्यापर्यंत जाऊन परत यायला निघालो होतो. त्या दिवशी एक नवा मुलगा आला होता. त्याची सायकल हायब्रिड होती, टायर जाड होते आणि इतक्या लांब तो पहिल्यांदाच येत होता. खारेगावचा खाडीपूल ओलांडेपर्यंत आम्ही २३-२४ ने जात होतो. माणकोलीच्या पुढे रांगेच्या अग्रभागी राहून वारा कापण्याची पाळी माझ्याकडे आली. समोरून हलका वारा होता, पाय मोकळे झाले होते, रस्ता त्या वेळेला बराच रिकामा होता, आणि मीटरवर २७, मग २८ दिसू लागले. मागून कोणी काही बोलत नव्हते, म्हणून सगळ्यांना हा वेग मानवतो आहे असे मी धरून चालले. वडप्याला थांबलो तेव्हा आम्ही सात जण होतो.

तो मुलगा रांजनोलीच्या आसपासच मागे सुटला होता आणि आमच्यातला एक जण त्याला सोबत म्हणून आपणहून मागे राहिला होता. त्या दिवशी शेवटी कोणी राहायचे हे आम्ही ठरवलेच नव्हते, त्यामुळे तो थांबला नसता, तर हा मुलगा ट्रकच्या त्या रस्त्यावर अगदी एकटा पडला असता. दुभाजकामुळे आम्हाला मागे फिरून जाता येईना, फोन लागायलाही वेळ लागला, आणि पंचवीस मिनिटांनी ते दोघे आले तेव्हा त्या मुलाच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते. पाणी संपले होते आणि सकाळपासून त्याने काही खाल्लेही नव्हते. तो उतरला आणि मला म्हणाला, “सॉरी ताई, माझ्यामुळे तुम्हा सगळ्यांना उशीर झाला.” माफी मी मागायला हवी होती. मी ती मागितलीही, पण त्याने ती केवळ शिष्टाचार म्हणून ऐकली असावी, कारण त्यानंतर तो पुन्हा आमच्याकडे आला नाही. त्या वाक्याची आठवण मला अजूनही अस्वस्थ करते.

परतताना आमच्यातले एक ज्येष्ठ काका माझ्या शेजारी आले. ते निवृत्त आहेत, तरुणपणी कारखान्यात रोज सायकलने जात असत, आणि अकारण सल्ला देण्याचा त्यांचा स्वभाव नाही. ते म्हणाले, “अगं, तू पुढे असतेस तेव्हा मीटर बघतेस. मागचा आवाज ऐकत जा.” मला प्रथम त्याचा अर्थ कळला नाही, मग त्यांनी सांगितला. मागच्या सायकलींच्या फ्रीव्हीलची, म्हणजे पायडल थांबवल्यावर मागच्या चाकातून येणारी, कटकट सतत ऐकू येत असेल, तर लोक पायडल थांबवून पुढच्याच्या अंगावर जाणे टाळत आहेत, म्हणजे आपला वेग खालीवर होतो आहे. गप्पा चालू असतील तर सर्व ठीक आहे. गप्पा थांबून नुसते श्वास आणि गिअर बदलल्याचे आवाज येत असतील, तर लोक तग धरून आहेत. आणि काहीच ऐकू येत नसेल, तर मान वळवून पाहावे, कारण मागे बहुधा कोणीच नसते. त्या रविवारी माझ्या मागे शांतता होती आणि मी तिला संमती समजले होते.

पुढची पाळी घेणाऱ्याकडून हीच चूक सर्वांत जास्त वेळा होते. रांगेत दुसऱ्या क्रमांकावर असताना माणसाला ताजेतवाने वाटते, ते वाऱ्यापासून मिळालेल्या आडोशामुळे असते, पण त्याला ते स्वतःचे बळ वाटते, आणि पाळी येताच तो वेग वाढवतो. आमच्याकडे आता असे ठरले आहे की पुढे येणाऱ्याने आधीच्या माणसाचा वेग पाहून ठेवायचा आणि पहिला एक मिनिट तो आकडा हलू द्यायचा नाही. ज्याची पाळी संपली, त्याने मागे वळून पाहावे, हात दाखवावा, रस्ता मोकळा असेल तरच थोडे उजवीकडे सरकावे आणि पायडल न थांबवता वेग एक-दोनने कमी करून रांगेला डावीकडून पुढे जाऊ द्यावे. भिवंडीच्या गोदामांचे ट्रक धावत असतील तेव्हा आम्ही हा बदल करतच नाही, पुढचा माणूस जागा मिळेपर्यंत तसाच पुढे राहतो. आणि ज्याला थकवा आला आहे, त्याने पाळी घेऊ नये. दहा सेकंद पुढे राहून लगेच मागे येणे किंवा मुळीच पुढे न येणे यात कमीपणा नाही. थकलेला असूनही मानापोटी पुढे येऊन रांगेचा वेग आधी वाढवणारा आणि मग पाडणारा माणूस गटाला अधिक दमवतो.

रांग कशी ताणली जाते, हे मात्र मी सविस्तर सांगणार आहे, कारण अनुभवी लोकही ते लक्षात घेत नाहीत. समजा बारा जण एकामागोमाग चालले आहेत. प्रत्येक सायकलची लांबी आणि मधले अंतर मिळून सुमारे २.७ मीटर धरले, तर रांग ३२ मीटरांची होते. ही रांग एका वळणावर ताशी १५ ने जाते आहे. पहिला वळणातून बाहेर पडल्यापासून शेवटचा बाहेर पडेपर्यंत जवळजवळ पावणेआठ सेकंद जातात. पहिल्याने बाहेर पडताच नेहमीप्रमाणे वेग घेतला आणि बाकीच्यांनीही त्याच ठिकाणाहून तसाच घेतला, तर सगळे २७ वर पोहोचतील तेव्हा ते पावणेआठ सेकंद कायम राहिलेले असतात, पण २७ च्या वेगाने तेवढ्या सेकंदांत ५८ मीटर होतात. कोणीही आळस केलेला नसताना रांग २६ मीटरांनी लांबली, आणि ती पुन्हा जुळवायची तर शेवटच्या माणसाला ३० च्या वेगाने अर्धा मिनिट झगडावे लागते. पहिल्याला यातले काहीच जाणवत नाही. कापूरबावडीपासून गायमुखापर्यंत घोडबंदर रस्त्यावर सिग्नल, खड्डे, बस थांबे आणि कामाचे अडथळे मिळून असे दहा-बारा प्रसंग सहज येतात, म्हणजे शेवटच्या माणसाने त्या सकाळी दहा-बारा शर्यती धावलेल्या असतात. तो गायमुखाच्या चढावर मागे पडतो आणि आपण म्हणतो, त्याचा चढाचा सराव नाही.

यावरचा उपाय सोपा आहे. वळणातून, सिग्नलवरून किंवा गतिरोधकावरून बाहेर पडल्यावर पुढच्याने मनातल्या मनात दहा आकडे मोजेपर्यंत वेग वाढवायचा नाही. मागून ‘आलो’ अशी हाक ऐकू आली की मग हळूहळू वेग घ्यायचा. ही ‘आलो’ची हाक देणारा, रांगेत सर्वांत शेवटी राहणारा माणूस म्हणजे आमचा स्वीप. तो निघण्यापूर्वी ठरतो, त्याच्याकडे पंप, ट्यूब आणि खाऊ असतो, आणि तो गटातला सर्वांत बळकट चालवणारा असावा असा माझा आग्रह आहे. दुबळ्या माणसाला शेवटी ठेवून त्यालाच स्वीप म्हणण्याची पद्धत मी काही ठिकाणी पाहिली आहे, ती मला अतिशय गैर वाटते. सिग्नल पिवळा झाला आणि अर्धाच गट पार होणार असेल, तर पुढच्याने थांबावे. तरीही गट तुटलाच, तर मागच्यांनी लाल सिग्नल तोडू नये. पुढच्यांनी पलीकडे सावकाश चालत राहावे.

चाकावर चाक चढवू नये हा नियम सगळ्यांना पाठ असतो, त्याचे कारण फार थोड्यांना ठाऊक असते. आपले पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला गेले आणि पुढचा खड्डा चुकवायला थोडासा सरकला, तर त्याची सायकल बहुधा सरळच राहते आणि आपण पडतो, कारण हँडल वळवून तोल सावरण्याची आपली सोयच त्या क्षणी नाहीशी होते. म्हणून नव्या माणसाने पहिले काही रविवार एका सायकलच्या लांबीएवढे अंतर ठेवावे. वाऱ्याचा आडोसा तेवढ्या अंतरावरही थोडाफार मिळतो. २७ च्या वेगाने आपण एका सेकंदात साडेसात मीटर पुढे जातो, तेव्हा पुढच्याच्या चाकाकडे टक लावून पाहण्याऐवजी त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहावे. चढावर उभे राहून पायडल मारायचे असेल, तर आधी एक गिअर जड करावा, कारण उभे राहताना सायकल क्षणभर मागे येते आणि मागच्याच्या चाकाला लागते. हवेविरुद्ध वाकून धरायचे पुढचे बार असतील, तर ते गटात वापरू नयेत. तेथून हात ब्रेकवर येईपर्यंत फार वेळ जातो.

हाताच्या खुणा दिसायला छान असतात, पण ठाण्याच्या रस्त्यांवर मी आवाजावर अधिक विसंबते. खड्डा समोर आला की दोन्ही हात हँडलवर आणि बोटे ब्रेकवर हवीत. त्याच वेळी एक हात सोडून खड्डा दाखवणारा स्वतःच त्यात जातो. आमच्या हाका मराठीत आणि एका-दोन शब्दांच्या आहेत. ‘खड्डा डावीकडे’, ‘खडी’, ‘सांधा’, ‘थांबतोय’, आणि मागून येणारी ‘गाडी’. खाडीपुलावरच्या सांध्यांत बारीक टायर अडकू शकते, म्हणून ‘सांधा’ ही हाक आम्ही कधीच चुकवत नाही. पुढून आलेली हाक प्रत्येकाने मागे पोहोचवायची असते, आपण खड्डा चुकवला म्हणून आपले काम संपत नाही. मात्र प्रत्येक खड्यासाठी ओरडणाराही नको, कारण थोड्या वेळाने लोक त्याचे ऐकेनासे होतात.

पहाटे अंधारात निघतो तेव्हा मागचा लाल दिवा लुकलुकता ठेवायची अनेकांना सवय असते. एकट्याने जाताना ती योग्य आहे, पण गटात मागच्याच्या डोळ्यांवर तासभर तो उजेड आपटत राहतो. म्हणून आमच्यात फक्त स्वीपचा दिवा लुकलुकतो, बाकीच्यांचे मंद आणि स्थिर असतात. पावसाळ्यात मागच्या चाकाला मडगार्ड लावणे हीसुद्धा मागच्याची काळजी आहे, नाहीतर पुढच्याने उडवलेले रस्त्याचे पाणी त्याच्या तोंडावर येते. ओल्या रिमवरचे ब्रेक उशिरा धरतात आणि डिस्क ब्रेकवाला लवकर थांबतो. दोन्ही प्रकार एका रांगेत असतील, तर जुलैमध्ये अंतर दुप्पट करावे. थुंकायचे किंवा नाक साफ करायचे असेल, तर रांगेच्या अगदी शेवटी जाऊन ते करावे. याहून अधिक काही त्याबद्दल लिहिण्याची गरज नसावी.

येऊरच्या डोंगरावर यातले बरेचसे नियम आम्ही बाजूला ठेवतो. उपवनच्या पुढे चढ सुरू झाला की वेग १०-१२ वर येतो, त्या वेगात आडोशाचा फायदा नाममात्र उरतो, आणि प्रत्येकाला स्वतःचे वजन स्वतःच वर न्यावे लागते. तेथे दुसऱ्याच्या वेगाने चढणे म्हणजे एकतर फुकट दमणे किंवा फुकट थांबणे, म्हणून चढ प्रत्येकाने आपापल्या श्वासाने चढावा आणि वर सगळ्यांनी थांबावे. वर थांबण्याची एक रीत मला फार महत्त्वाची वाटते. शेवटचा माणूस वर पोहोचला, की लगेच ‘चला’ म्हणायचे नाही. जे दहा मिनिटे आधी पोहोचले त्यांची विश्रांती झालेली असते. ज्याला ती सर्वांत जास्त हवी आहे त्याच्या वाट्याला मात्र तीस सेकंद येतात. तो पाणी पितो, बसतो, आणि उठल्यावर तोच ‘निघू या’ म्हणतो, असे आम्ही ठरवले आहे. येऊरमध्ये हाकाही आम्ही हळू देतो, कारण ते राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे, पाड्यांवरची माणसे तेथे राहतात आणि पहाटे चालायला येणारे वृद्धही असतात. उतारावर मात्र रांग मुळीच नसावी. प्रत्येकात चांगले मोकळे अंतर ठेवून उतरावे.

सर्वांनी मिळून एकाच वेगाने जाण्याची कल्पना सायकलच्या जगात जुनी आहे. १९०३ मध्ये टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत सुरू करणाऱ्या आंरी देग्रांज यांनी १९०४ मध्ये ऑडॅक्स पद्धतीच्या लांब सफरींना फ्रान्समध्ये नियमांची चौकट दिली. त्या पद्धतीत गट एकत्र जातो, पुढे मार्गप्रमुख असतो आणि त्याला ओलांडून कोणी जात नाही. आज त्या गटाचा वेग ताशी साडेबावीस किलोमीटर धरतात. आपल्याकडे लोकप्रिय झालेली ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब सफर, जिच्यात २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, ही त्याच मुळातून पुढे फुटलेली मुक्त वेगाची शाखा आहे, तिच्यात प्रत्येक जण आपल्या सोयीने चालवतो. मी २०० ची ब्रेव्हे केली आहे आणि त्या पद्धतीबद्दल मला आदर आहे, पण तिच्यातून आलेले काही मित्र रविवारच्या गटातही ‘ज्याने त्याने आपापले बघावे’ असे म्हणतात, ते मला पटत नाही. ब्रेव्हेत तसे आधीच ठरलेले असते आणि प्रत्येक जण त्या तयारीने येतो. एकत्र जाऊ असे सांगून बोलावलेल्या माणसाला भिवंडी बायपासवर एकटे सोडणे ही वेगळी गोष्ट आहे.

म्हणून आता आम्ही शनिवारी रात्रीच मार्ग, सपाटीवरचा वेग, थांबे आणि स्वीपचे नाव कळवतो. कोणाला जोरात जायचे असेल तर त्याचेही स्वागत आहे, फक्त त्याने ते निघताना सांगावे. मग तीन-चार जणांचा वेगळा गट करता येतो आणि कोणी कोणाची वाट पाहत बसत नाही. पंक्चर झाले तर सगळ्यांनी रस्त्यात घोळका करायचा नाही, दोघांनी मदत करायची, बाकीच्यांनी डांबरापासून दूर उभे राहायचे. नाश्त्याला अर्ध्या तासाहून अधिक बसायचे नाही, कारण पाय आखडतात, ऊन चढते, आणि परतीच्या वाटेवर त्याची किंमत पुन्हा शेवटच्या माणसालाच मोजावी लागते.

ठाण्यात परत शिरल्यावर गट आपोआप विखुरतो; कोणी माजिवड्याला वळतो, कोणी बाळकुमला, कोणी वर्तकनगरकडे. पूर्वी लोक न सांगताच वळत, आणि मागचा माणूस कोठे पडला तर नाही ना, या काळजीने स्वीप पुन्हा मागे जाऊन येई. आता वळणारा माणूस हात उंच करून ‘मी सुटलो’ असे मोठ्याने सांगतो, घरी पोहोचल्यावर एका शब्दाचा निरोप पाठवतो, आणि स्वीप ते निरोप मोजत असतो. गेल्या रविवारी मी स्वीप होते. अकरापैकी दहा निरोप साडेनऊपर्यंत आले, अकरावा काकांचा होता, तो दहा वाजून गेल्यावर आला; ते वाटेत भाजी घ्यायला थांबले होते. तोपर्यंत मी हेल्मेट काढले होते, पण बूट काढले नव्हते.